सेरील नदीचा डावा काठ

काबानेलसाहेब शनिवारी आमच्याकडे जेवायला येणार हे ठरलं, तेव्हा घरातल्या सहा जणांची फ्रान्सबद्दलची एकूण माहिती एका पोस्टकार्डावर मावली असती. तिथं पावाला फार मान असतो, एवढं शैलाकाकूंना ठाऊक होतं. नऊ वर्षांच्या केयाला आयफेल टॉवर काढता यायचा. मी अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं, पण पुण्यातली निम्मी पोरं घेतात तसं, मार्कांसाठी. त्यामुळे मला स्टेशन कुठे आहे हे विचारता येई, उत्तर कळत नसे.

घर सुलेखाताईचं, अमेरिकेतल्या शॉमबर्गमधलं. सुलेखाताई माझी मावसबहीण. त्या वर्षी, म्हणजे २००५च्या मे महिन्यात, माझं भूशास्त्रातलं एम.एस. संपलं होतं आणि नोकरी जानेवारीत सुरू व्हायची होती. मधले महिने मी ताईच्या बेसमेंटमध्ये काढत होते. वर ताई, तिचा नवरा श्रीराम, म्हणजे माझे जिजू, त्यांची मुलगी केया, आणि सहा महिन्यांसाठी नागपूरहून आलेले जिजूंचे आईवडील, प्रल्हादकाका आणि शैलाकाकू.

जिजूंची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहायची. उन्हाळ्यात एका फ्रेंच कंपनीने ती विकत घेतली. ही फ्रेंच कंपनी बरण्यांची झाकणं बनवते आणि तिचं मुख्यालय मूर्व्हियाक नावाच्या तीन हजार वस्तीच्या गावात आहे. आता प्रश्न असा होता की जिजूंचा आठ जणांचा ग्रुप शॉमबर्गमध्येच ठेवायचा, की सगळं काम मूर्व्हियाकला हलवायचं. ते पाहून रिपोर्ट लिहायला काबानेल नावाचे डायरेक्टर येणार होते. जिजू चार वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभे होते, आणि ती रांग या नोकरीला आणि या जागेला बांधलेली होती. नोकरी हलली की रांगेतला नंबर गेला, मागच्या वर्षी घेतलेलं घर गेलं, केयाची शाळा गेली. ताई हे रोज एकदा तरी बोलून दाखवायची, बहुधा भांडी डिशवॉशरमध्ये लावताना, त्यामुळे त्या आठवड्यात तीन कप फुटले.

जिजूंनी घाबरून साहेबांना जेवायलाच बोलावलं. घाबरल्यावर माणसाला जेवायला बोलावणं हे आमच्याकडे सगळ्याच घरांत चालतं.

प्रल्हादकाका चौतीस वर्षं नागपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाले होते. अमेरिकेत आल्यापासून त्यांना काम नव्हतं. ड्राइव्हवेचा उतार कुठल्या दिशेला आहे आणि पावसाचं पाणी शेजाऱ्यांकडे का जातं, हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच शोधून शेजाऱ्यांना जाऊन सांगितलं होतं. साहेब येणार म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, साहेबांचं गाव कोणतं. जिजूंनी ऑफिसात आलेली, साहेबांनी स्वतःची ओळख करून दिलेली मेल काढून दाखवली. त्यात लिहिलं होतं की मी जन्मापासून सेरील नदीच्या काठी राहिलो आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

मूर्व्हियाक सेरील नदीच्या काठीच आहे. काकांनी मांडीवर थाप मारली.

"झालं तर मग. परक्या मुलखात कोणी आपल्या गावाचं नाव जरी बरोबर घेतलं तरी माणूस विरघळतो. आपण नुसतं नाव नाही घेणार. आपण त्यांना गाव सांगणार."

त्याच संध्याकाळी अभ्यासक्रम ठरला. भूगोल चाळीस मार्क, इतिहास तीस, अर्थव्यवस्था तीस.

माहितीसाठी मूर्व्हियाक नगरपालिकेची वेबसाइट होती. तिचं कॉम्प्युटरने केलेलं इंग्रजी भाषांतर वाचलं, तर तिथं दर ऑक्टोबरात महापौरांना चौकात वाळत घालतात असं निघत होतं. मी डिक्शनरी घेऊन बसले, तेव्हा महापौर फक्त उद्घाटनाला होते आणि वाळत अक्रोड घालत होते, असा उलगडा झाला. शॉमबर्गच्या लायब्ररीतल्या बाईंनी दुसऱ्या राज्यातून त्या भागाचा एक जुना समोच्च रेषांचा नकाशा मागवून दिला. तो माझ्या वाट्याला आला. मी त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून टेकडी, नदी, पूल, सगळं उतरवून घेतलं. नकाशा करणाऱ्याने १९२७च्या पुराची खूणसुद्धा केली होती. असली माणसं मला आवडतात.

चार दिवसांत आमच्या घराला मूर्व्हियाक पाठ झालं. गाव चुनखडीच्या टेकडीवर, सेरीलच्या उजव्या काठी. टेकडीची उंची दोनशे बारा मीटर, नदीकाठची एकशे अठ्ठेचाळीस. पूर्वी तिथं हातमोजे व्हायचे, मग अक्रोडाचं तेल, आता झाकणं. इतिहासात एकच मोठी घटना. चौदाव्या शतकात इंग्रजांनी वेढा घातला, तेव्हा गावकऱ्यांनी तटावरून मधमाश्यांची पोळी खाली टाकली आणि इंग्रज पळाले. इंग्रज मुळात नदी ओलांडू शकले, कारण समोरच्या काठावरच्या बेसाँ गावाने त्यांना होड्या विकल्या होत्या. बेसाँबद्दल वेबसाइटवर आणखी एकच वाक्य होतं. तिथून मूर्व्हियाकचं दृश्य फार सुंदर दिसतं.

ही सगळी माहिती एकाच ठिकाणहून आली आहे, हे मला जरा खटकत होतं. मी काकांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, पाठ्यपुस्तकही एकच असतं, आणि त्यावर लाखो मुलं पास होतात.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. काकांची पद्धत बोर्डाची. भौगोलिक कारणे द्या: टेकडीच्या दक्षिण उतारावर अक्रोड चांगला येतो. टिपा लिहा: हातमोजे उद्योगाचा ऱ्हास. जोड्या लावा. जिजू छत्तीस वर्षांचे, डेटाबेसमधले वाकबगार, पण हायवेवर लेन बदलताना मागच्या सीटवरून "मूर्व्हियाकमधली घरं पिवळसर का दिसतात, दोन वाक्यांत" असं आलं की त्यांना घाम फुटायचा. बुधवारी प्रिलिम झाली. जिजूंना एकेचाळीस मार्क पडले. केयाला अठ्ठ्याऐंशी, कारण तिला मधमाश्या आवडल्या होत्या.

"आजोबा, डॅड इज गोइंग टू फेल," तिने जेवताना शांतपणे जाहीर केलं.

"त्याचं पहिल्यापासून असंच," काका म्हणाले. "उत्तर येत असतं, पण प्रश्न नीट वाचत नाही."

गुरुवारी काकांना ताटाची कल्पना सुचली. साहेबांसमोर मराठी ताट येणारच होतं, आणि मराठी ताटाला मुळात भूगोल असतो. मीठ वर मधोमध, डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भात. काकांचं म्हणणं, यात फारसं काही हलवायलाच नको. भाताची मूद ही मूर्व्हियाकची टेकडी. तिच्या डाव्या अंगाने वरण सोडायचं, ती सेरील नदी. उजवीकडची बटाट्याची भाजी म्हणजे बाजारपेठ, भरली वांगी म्हणजे झाकणांचा कारखाना. शैलाकाकू एवढंच म्हणाल्या की वरण मुदीच्या बाजूने सोडतात का कधी, ते वरून घालायचं असतं, वर तुपाची धार असते. काका म्हणाले, नदी डोंगरावरून नाही नेता येत. काकू म्हणाल्या, मग तूप कुठे घालू. थोडा विचार करून काकांनी तूप टेकडीच्या माथ्यावर मंजूर केलं. तिथं चर्च होतं.

शनिवारी संध्याकाळी काबानेलसाहेब आले. उंच, वाळके, पंचावन्नच्या आसपास, पांढऱ्या मिशा, हातात चॉकलेटचा डबा. त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला, केयाशीसुद्धा. इंग्रजी सावकाश बोलायचे, काकाही सावकाश बोलायचे, त्यामुळे दोघांचं जमण्यासारखं होतं. ऑफिसातल्या तीन दिवसांत साहेब फार कमी बोलले होते आणि सारखे खिडकीबाहेरच्या पार्किंग लॉटकडे बघत होते, असं जिजूंनी आधीच सांगून ठेवलं होतं. रिपोर्ट रविवारी लिहून होणार होता.

ताटं आली. काका साहेबांच्या शेजारी बसले होते. त्यांनी घसा साफ केला.

"हे मूर्व्हियाक," ते मुदीकडे बोट दाखवून म्हणाले. "आणि ही सेरील."

काबानेलसाहेबांनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी आपलं बोट डावीकडे, चटणी-लोणच्याच्या बाजूला नेलं.

"आणि हे?"

"तो पलीकडचा काठ. तिथं विशेष काही नाही. तिथून मूर्व्हियाक छान दिसतं, इतकंच."

"असं," काबानेलसाहेब म्हणाले.

मग परीक्षा सुरू झाली, आणि खरं सांगायचं तर आमची सगळ्यांची कामगिरी उत्तम झाली. काकांनी टेकडीची उंची सांगितली, ताईने घरांच्या पिवळ्या दगडाबद्दल विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, केयाने मधमाश्यांचा वेढा हातवाऱ्यांसह सादर केला. काकांनी त्यात बेसाँच्या होड्यांची पुरवणी जोडली आणि वर म्हणाले की प्रत्येक चांगल्या गावाच्या समोर असं एक गाव असतंच. जिजूंना हातमोजे उद्योगाचा प्रश्न आला. त्यांनी न अडखळता तीन कारणं दिली, प्रिलिमला एकही देता आलं नव्हतं.

काबानेलसाहेब प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, पण विरघळल्याचं काही लक्षण नव्हतं. माझी जागा त्यांच्या समोर होती, म्हणून मला त्यांचं ताट दिसत होतं. ते फक्त डावीकडचं खात होते. चटणी संपली, लोणचं संपलं, कोशिंबीर संपली. काकूंनी परत वाढलं, तेही संपलं. लोणच्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी ते आणखी मागत होते. भाताला त्यांनी बोट लावलं नव्हतं. काकूंचा जीव कासावीस झाला. वरण-भात सोडून कोणी लोणच्यावर जेवतं का. त्यांनी दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा त्या तुपाचं भांडंच घेऊन आल्या, तेव्हा साहेबांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

मग त्यांनी नॅपकिनने मिशा पुसल्या आणि जिजूंकडे वळले.

"मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. वरच्या लोकांना तुमचा ग्रुप मूर्व्हियाकला हवा आहे. माझं मत असं होतं की इथलं कोणीही तिथं राहायला येणार नाही. आम्ही दोन वर्षं तिथं एक प्रोग्रॅमर शोधतो आहोत. शेवटचा जो मिळाला तो एक हिवाळा काढून पळाला. मी रिपोर्टमध्ये तेच लिहिणार होतो." त्यांनी टेबलाभोवती एकदा सगळ्यांकडे पाहिलं. "आता ते लिहिता येणार नाही. इथं एक आख्खं कुटुंब तयार बसलं आहे. आजोबांसकट."

जिजूंच्या तोंडून सवयीने "थँक यू" गेलं.

ताईच्या हातात पुऱ्यांची परात होती. ती तशीच उभी राहिली. शैलाकाकू मात्र हसऱ्या चेहऱ्याने काकांकडे वळल्या आणि पाहुण्याला कळू नये म्हणून, जणू श्रीखंडाबद्दल बोलतोय अशा सुरात, मराठीत म्हणाल्या, "तुम्हीच उभं केलंत ना गाव? आता तुम्हीच पाडा. हसत हसत पाडा."

"आत्ता?" काका म्हणाले.

"श्रीखंड वाढेपर्यंत."

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी ते गाव पाच दिवस वाढवलं होतं. गल्ल्यांना नावं दिली होती, कोणत्या घरात सकाळचं ऊन आधी येईल हे काढलं होतं. ते मुदीकडे बघत राहिले. तिच्यावरचं तूप एव्हाना थिजलं होतं.

सुरुवात त्यांनी चाचरत केली. म्हणाले, अर्थात काही अडचणीही आहेत. चुनखडीत पाणी टिकत नाही, म्हणून उन्हाळ्यात टेकडीवरच्या विहिरी आटतात. हिवाळ्यात नदीवरचं धुकं टेकडीला अडतं आणि आठवडे आठवडे हलत नाही. नंतर त्यांचा आवाज जरा स्थिर झाला. लोकसंख्या शंभर वर्षांत अर्ध्यावर आली. रेल्वे बंद झाली. हातमोज्यांचा धंदा बुडाला तो यंत्रं आणायला गावाने नकार दिला म्हणून, दुसऱ्या कोणामुळे नाही. बाजार आठवड्यातून एकदा भरतो, आणि त्यातही अर्धा वेळ लोक मधमाश्यांची गोष्ट सांगत असणार.

इथं काबानेलसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

काकांनी ते पाहिलं. चौतीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला, कुठल्या वाक्याला मुलगा जागा झाला हे लगेच कळतं. काकांनी जिजूंना विचारलं, मुख्यालय कुठल्या रस्त्यावर आहे. जिजू म्हणाले, टेकडीच्या पायथ्याशी, नदीलगत. सर्व्हर रूम? तळघरात.

"मग १९२७चा पूर," काका म्हणाले. ते आता उभे राहिले होते. "त्या रस्त्यावर पाणी किती चढलं होतं, ठाऊक आहे? पुरुषभर."

पाणी पुरुषभर नव्हतं. नकाशावर स्वच्छ लिहिलं होतं, अर्धा मीटर. मी स्वतः उतरवून घेतलं होतं. मी तोंड उघडलं आणि ताईने माझ्या ताटात एकदम तीन पुऱ्या टाकल्या. मान वर केली तर ती माझ्याकडे अशी बघत होती की मी पुरी खाल्ली.

"पुरुषभर?" काबानेलसाहेब हळूच म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते, आणि ते लोणच्यामुळे नव्हतं. "आमच्याकडे तर दोन पुरुष म्हणतात."

"आमच्याकडे म्हणजे?"

"बेसाँला. मी बेसाँचा आहे."

काका खाली बसले. जिजूंनी डोळे मिटले. नदीला दोन काठ असतात. मेलमध्ये नुसतं नदीच्या काठी एवढंच लिहिलं होतं, आणि कुठल्या काठी हे घरातल्या सहा जणांपैकी, त्यांत एक भूगोलाचे मास्तर आणि एक भूशास्त्राची पदवीधर असूनही, कोणीही विचारलं नव्हतं.

काबानेलसाहेब आता थांबेनात. तीस वर्षं ते रोज पूल ओलांडून कामाला जात होते, आणि तीस वर्षं कॅन्टीनमध्ये त्यांना कोणी ना कोणी विचारत होतं की आज होड्यांचा भाव काय. होड्या विकल्या नव्हत्या, इंग्रजांनी हिसकावल्या होत्या, हे बेसाँमध्ये लहान पोरालाही माहीत आहे. मधमाश्या तर बेसाँच्याच होत्या, उडत गेल्या होत्या. आणि ते जगप्रसिद्ध दृश्य! बेसाँच्या लोकांना सकाळी खिडकी उघडली की समोर मूर्व्हियाक बघावं लागतं, याचा विचार कोणी केला आहे का? जगात कुठे तरी, एवढ्या लांब, एक माणूस निघाला ज्याला मूर्व्हियाकचं धुकं ठाऊक आहे.

एवढं बोलून त्यांनी काकूंनी शेजारी जास्तीची ठेवलेली वरणाची वाटी उचलली, ती पूर्ण मुदीवर उपडी केली आणि चमच्याच्या पाठीने टेकडी सपाट केली. चर्च, तट, सगळं गेलं. मग त्यांनी ते खाल्लं. शैलाकाकूंनी न विचारता दुसरी मूद वाढली. तीही त्यांनी तशाच पद्धतीने खाल्ली. काकू मला नंतर म्हणाल्या, वरण-भात शेवटी असाच कालवून खायचा असतो, सांगत होते मी.

निघताना साहेब म्हणाले की रिपोर्ट अजून गेलेला नाही. ग्रुप हलवायचा नसेल तर रिपोर्टला ठोस कारण लागेल, आणि पुराच्या पाण्यातली सर्व्हर रूम हे चांगलंच ठोस कारण आहे. त्याची एक आकृती काकांनी सोमवारपर्यंत काढून द्यावी. मंगळवारी ते ती व्हिडिओ कॉन्फरन्सवर संचालक मंडळाला दाखवतील.

रविवारी सकाळी ताईने आनंदाने उपमा केला. काका उपम्याला हात लावेनात.

"अर्धा मीटर आहे ना गं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, हो काका. गुडघाभर.

"मी आयुष्यात मुलांना चुकीचा आकडा दिला नाही. बोललो ते बोललो, जेवणाच्या टेबलावर माणूस काहीही बोलतो. कागदावर मी पुरुषभर लिहिणार नाही."

जिजूंनी त्यांना परोपरीने सांगितलं. म्हणाले, बाबा, तो रस्ता तुम्ही पाहिला नाही, ते गाव तुम्ही पाहिलं नाही, पण हे घर तुम्ही पाहिलंय, मी त्याचे हप्ते भरतोय. काका म्हणाले, घर एका जागी, आकडा एका जागी. ताई म्हणाली की गुडघाभर पाणीसुद्धा तळघरात शिरेलच की. ते खरं होतं. पण मी गुडघाभर पाण्याचा उभा छेद कागदावर काढून पाहिला, तर दोन किलोमीटरच्या आडव्या रेषेवर तो पूर पेन्सिलच्या टोकापेक्षाही बारीक आला. खुद्द टेकडी पालथ्या बशीसारखी दिसत होती. हे पाहून कोणी काही रद्द केलं नसतं.

तेव्हा मी म्हटलं, काका, उभं प्रमाण वेगळं घेऊ या.

ते माझ्याकडे बघायला लागले. जमिनीचा छेद काढताना उंचीचं प्रमाण आडव्या अंतरापेक्षा मोठं घेतात, नाहीतर काही दिसतच नाही. सगळ्या ॲटलासांत घेतात, कोपऱ्यात तसं लिहितात. त्यांनी स्वतः हे हजारो मुलांना शिकवलं होतं. आकडे सगळे खरे, फक्त चित्र ताणलेलं.

"किती पट?" त्यांनी विचारलं.

"वीस?"

"हे फसवणं नाही ना, आश्लेषा?"

"कोपऱ्यात लिहू. ठळक लिहू."

दुपारपर्यंत आकृती तयार झाली. वीसपट उभ्या प्रमाणात मूर्व्हियाकची टेकडी अशी उसळली की केया म्हणाली इट लुक्स लाइक मॉर्डोर, आणि काकांनी हे सिनेमातलं कुठलं राक्षसी राज्य आहे हे न विचारता मान डोलावली. गुडघाभर पूर निळ्या रंगात दोन मजली इमारतीएवढा उभा राहिला. त्याच्या तळाशी, लाल चौकोनात, सर्व्हर रूम. शेजारी काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, पुराची खोली अर्धा मीटर. खाली प्रमाण लिहिलं. मग त्यांनी दोन वाट्या उपमा खाल्ला, गार झालेला.

मंगळवारी दुपारी जिजूंचा ऑफिसातून फोन आला. ग्रुप शॉमबर्गमध्येच राहणार, निदान तीन वर्षं. संचालक मंडळाने आकृती पाहिली, दोन जणांनी "अरे देवा" अशा अर्थाचं काही तरी म्हटलं, आणि सर्व्हर तळघरात कोणी ठेवले यावर त्यांचं आपसांत भांडण लागलं. शेजारचा आकडा आणि तळातलं प्रमाण कोणी वाचलं नाही. ताई रडली, मग हसली, मग तिने डिशवॉशर भरला आणि काही फुटलं नाही.

संध्याकाळी काबानेलसाहेबांनी घरी फोन केला. ते परतीच्या वाटेवर, विमानतळावर होते. त्यांना काकांशीच बोलायचं होतं. मी दुसऱ्या रिसीव्हरवर होते, काकांना त्यांचे काही उच्चार कळत नसत म्हणून. साहेब खूश नव्हते. निर्णय त्यांच्या मनासारखा झाला होता, ते ठीक. पण मंडळाचे अध्यक्ष, उजव्या काठाचे, आकृतीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले की आमची टेकडी खरी केवढी आहे हे आज प्रथमच कोणी दाखवलं. आता त्यांना ती मोठ्या आकारात छापून नगरपालिकेत लावायची होती. उद्घाटनाला महापौर येणार होते.

"तुम्ही बेसाँसुद्धा काढा," काबानेलसाहेब म्हणाले. "तशीच. वीसपट."

काकांनी त्यांना शांतपणे समजावलं. डावा काठ पूरमैदान आहे, नदीच्या पातळीतच आहे. त्याला उंचीच नाही. शून्याची वीसपट शून्यच येते.

तिकडे त्यांच्या विमानाची घोषणा झाली, तरी त्यांनी फोन ठेवला नाही. मग साहेबांनी विचारलं की चाळीसपट करून पाहिलं तर काही फरक पडेल का.